डोंगराचं निमित्त

देवीचं तोंड कोणत्या दिशेला आहे, एवढंच वीरभद्र जमादारानं विचारलं होतं. तेही जाता जाता, नांदेडच्या इतवाऱ्यातल्या पानाच्या ठेल्यापाशी, चुन्याचं बोट खांबाला पुसत पुसत. "गुरुजी, तुमी दर साली माहूरला जाता म्हून इचारतो. रेणुकाईचं तोंड कोन्या बाजूला हाय वो?" रेणुकादास मास्तर म्हणाले, "पूर्वेला." जमादार म्हणाला, "हाव का," आणि विडा गालात सरकवून पोलीस कचेरीच्या वाटेला लागला. बरोबर म्हणाला नाही, चूक म्हणाला नाही. मास्तर तिथंच उभे. पानवाल्यानं पुढं केलेला विडा त्यांना दिसेना. वास्तविक दिशा हा मास्तरांचा धंदा. निझामाच्या सरकारी मदरशात तेरा वर्षं ते भूगोल, म्हणजे जुग्राफिया, शिकवत होते, तोही उर्दूतून. नाईल कुठं उगवते आणि कुठं समुद्राला मिळते हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. माहूरच्या डोंगराचं तर विचारायलाच नको. त्याची कोणती सोंड कुठं उतरते, पैनगंगा त्याला कुठं वळसा घालते, कोणत्या उतारावर साग आणि कोणत्या उतारावर नुसतं गवत, कोणता झरा माघातच आटतो आणि कोणता वैशाखातही टिकतो, सगळं पाठ. फक्त देवीचं तोंड कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. कारण देवीच्या देवळात मास्तर जन्मात कधी गेले नव्हते.

हे ऐकून गल्लीतलं कुणीही हसलं असतं. रेणुकादास हे नावच मुळी देवीला नवस बोलून झालेल्या मुलाचं. शिवाय दर बहमन महिन्यात, ऐन थंडीत, चार दिवसांची रजा टाकून नेमानं माहूरला जाणारा माणूस, हीच तर त्यांची गावातली ओळख. अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा निघाले ते खरोखर देवीलाच निघाले होते. आई अंथरुणाला खिळलेली, मुलाच्या लग्नानंतर देवीची ओटी भरायची राहिली म्हणून तिचा जीव खालीवर होत होता. तारामतीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, नेमका तेव्हा ताप. मग मास्तर एकटेच, पिशवीत खण-नारळ घेऊन, किनवटपर्यंत रेल्वेनं, पुढं बैलगाडीनं. पायऱ्या सुरू होण्याआधी डाव्या हाताला एक वाट फुटत होती, गुरं जातील एवढीच. सकाळची वेळ होती. वाट पुढं गवतात शिरत होती आणि गवतावर दव होतं. थोडं पुढं जाऊन पाहावं आणि परत फिरावं, असं मास्तरांनी ठरवलं आणि चालू लागले. ते परतले दिवस मावळताना. मधल्या वेळात काय झालं हे त्यांना कुणालाच नीट सांगता आलं नसतं. काही झालंच नव्हतं. ते एका सोंडेवरून दुसऱ्या सोंडेवर गेले होते, धावड्याच्या झाडाच्या सावलीत बसले होते, झऱ्याला तोंड लावून पाणी प्याले होते, आणि खाली नदीचं वळण असं काही उघडं पडलं होतं की फळ्यावर हजारदा काढलेल्या नदीची त्यांना लाज वाटली. दिवसभर कुणी त्यांना हाक मारली नाही. आपण कुणाचे कोण हे ते पार विसरले. ओटी एका कातळावर ठेवून त्यांनी हात जोडले, पायथ्याच्या दुकानातून देवीचा प्रसाद म्हणून मिळतो तो तांबूल घेतला आणि घरी आले. आईनं तो तांबूल डोळे मिटून खाल्ला, मुलाच्या गालावरून हात फिरवला आणि महिन्याभरात समाधानानं गेली. मास्तरांना तिच्या मरणाचं दुःख झालं, आणि त्या दुःखाच्या आत एक भीती बसली ती कधी उठलीच नाही.

दुसऱ्या वर्षी पाय शिवशिवायला लागले तेव्हा निमित्त हवं होतं. नुसता डोंगर बघायला जातो म्हणावं, तर आपल्याकडं डोंगरात जायचं तीनच कारणांनी: गुरं चारायला, लाकूडफाटा आणायला, नाहीतर देवाला. चौथं कारण असलेला माणूस एक तर वेडा असतो किंवा फरारी. हेडमास्तरांनी रजेचं कारण विचारलं आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "नवस आहे. मुलासाठी." लग्नाला पाच वर्षं होऊन गेली होती, पाळणा हलला नव्हता, त्यामुळं पुढं विचारायला काही उरलंच नाही. हेडमास्तरांनी मान खाली घालून सही केली. ती सही मग दर वर्षी होत गेली. गल्लीतल्या बाया तारामतीकडं कळवळ्यानं बघत, आणि शेजारची सिंधु तर तोंडावर म्हणे, "तुजा नवरा म्हंजे देवमानूस हाय बाई, दुसरा असता तर दुसरी करून मोकळा झाला असता." मास्तर हे आतल्या खोलीतून ऐकत आणि जुग्राफियाच्या पुस्तकात नाक खुपसत. बायकोची रिकामी ओटी त्यांनी रजेच्या अर्जाला जोडली होती, हे त्यांना कळत होतं. कळत होतं, आणि बहमन आला की अर्जही लिहीत होते. तारामती काही बोलत नसे. पिशवीत दशम्या, शेंगाची चटणी आणि एक जास्तीची पासोडी भरून देई आणि दाराशी उभी राही.

यंदाची गोष्ट वेगळी. यंदा दिवस वाईट आले होते. पैनगंगेपलीकडं वऱ्हाड, निझामाच्या हद्दीबाहेरचं, तिथं निझामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावण्या पडल्या होत्या, आणि पंधरा दिवसांपूर्वी नदीकाठचा जकातीचा नाका कुणीतरी रातोरात जाळून टाकला होता. मास्तरांनी यंदा अर्ज लिहिलाच नव्हता. बाजारात लोक म्हणत होते की जाळणारे नदी ओलांडायच्या नेहमीच्या उतारानं आलेच नाहीत, दुसऱ्याच कुठल्या तरी उतारानं आले आणि तसेच गेले, पोलिसांना अजून वाट सापडत नाही. ते ऐकलं तेव्हा मास्तरांना ती वाट डोळ्यांपुढं दिसली होती. अर्जुनाची दोन झाडं, मध्ये काळा खडक, गुडघाभर पाणी. मास्तरांच्या वहीत तिच्यावर फुली होती. अकरा वर्षांत त्यांनी एक वही भरत आणली होती: वाटा, चढ, कोणता झरा केव्हा आटतो आणि कोणत्या महिन्यात नदी कुठं ओलांडता येते हे गुराख्यांकडून ऐकलेलं, सगळं बारीक अक्षरात, उत्तर दिशा वर ठेवून. कुणाला दाखवायला नव्हे. उन्हाळ्याच्या दुपारी ती उघडायची आणि बोट ठेवून चालत सुटायचं, एवढ्याचसाठी. ती वही ट्रंकेत, तारामतीच्या शालूखाली होती. जमादार भेटला त्या संध्याकाळी मास्तर दोनदा ट्रंकेपाशी जाऊन बसले. जाळून टाकावी. चूल पेटलेलीच होती. पण दुसऱ्याच पानावर पहिल्या वर्षीचा झरा होता, शाई पसरलेला, आणि त्यांचा हात पुढं होईना. शेवटी झाकण लावून ते जेवायला बसले. भाकरी नुसती कुस्करत राहिले. "बरं वाटंना का?" तारामतीनं विचारलं. "देवीचं तोंड पूर्वेलाच आहे ना गं?" असं अगदी ओठांवर आलं होतं; पण तिला तरी कुठून ठाऊक, ती माहूरला गेलीच नव्हती. "थंडी आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला, आफ्रिकेचा नकाशा निम्मा झाला असताना, जमादार वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. "अमीनसायबानी याद केलंय गुरुजी. पाच मिन्टाचं काम हाय." मास्तरांनी खडू ठेवला, हात झटकले, टोपी नीट केली. आपण ज्या शांतपणानं हे करतो आहोत ते पाहून त्यांना वाटलं, कदाचित आपण तितके घाबरलेले नाही. मग पायरी उतरताना जमादारानं त्यांच्या दंडाला धरलं. तो हात कचेरीपर्यंत दंडावरून निघाला नाही. जोर नव्हता त्यात. नुसता होता.

अमीन, म्हणजे ठाण्याचा मुख्य अधिकारी, वयस्क, पांढऱ्या भुवयांचा, फार अदबीचा माणूस होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "आइए मास्टरसाब, तशरीफ रखिए. चाय?" चहा आला. मास्तरांनी कप बाजूला सरकवला. "माहूरकडचे गुराखी सांगतात," अमीन म्हणाला, "एक मास्तर येतो. काळी टोपी, हातात काठी. खडकावर बसून कागदावर काही लिहितो. आप ही हैं ना?" नाही म्हणण्याची सोय नव्हती. "हो जी," मास्तर म्हणाले, "देवीचं नाव लिहितो. लाख वेळा लिहायचा नेम आहे." हे कुठून सुचलं ते त्यांना कळलं नाही. एकदा खोटं बोलायला सुरुवात झाली की तोंड आपोआप चालतं. "कशासाठी?" "मुलासाठी नवस आहे." "आणि त्या कागदांचं?" "देवीला वाहिले." "दर साल दर्शन घेता?" "दर साल." अमीन म्हणाला, "अच्छी बात है." आणि जमादाराकडं पाहिलं. जमादार खाकरला. "सायेब, यांचे माहूरचे उपाध्ये आले हायेत गावात. होळी मोहल्ल्यात उतरलेत. त्यायच्या वहीत यजमानाचं समदं लिवलेलं आसतंय. कोन आलं, कवा आलं, काय मागितलं. आनू का बलावून?" मग मास्तरांकडं वळून, अगदी मायेनं म्हटल्यासारखं, "तुमच्यासाठीच म्हून राहिलो गुरुजी. एकडाव वहीत नाव निघालं की खटका मिटला."

वही! मास्तरांना ती वही चांगली ठाऊक होती. लहानपणी उपाध्ये थंडीत यजमानांकडं फिरायला येत, लाल फडक्यातून तो लांबट गठ्ठा सोडत आणि आजोबांच्या आजोबांची नावं मोठ्यानं वाचत. क्षेत्राला गेलेल्या घरातल्या प्रत्येक माणसाची तिथं नोंद असते. अलीकडं उपाध्ये येतात तेव्हा मास्तर मदरशात असतात, त्यामुळं गाठ अशी पडत नाही. त्या वहीत आजोबा होते, वडील होते, स्वतःच्या लग्नाच्या वर्षी देवीला जाऊन आलेली आई होती. रेणुकादास नव्हते. डोंगराच्या सगळ्या वाटांवर त्यांच्या चपलांचे ठसे असतील. ज्या एका जागी माणसानं दिसायला पाहिजे तिथं ते नव्हते. उपाध्ये वही उघडतील, पानं चाळतील, "काही सापडत नाही बुवा," म्हणतील. ते साधे सरळ गृहस्थ, त्यांना काय ठाऊक. मग दोन शिपाई घरी जातील. तारामती दार उघडेल. ट्रंकेचं झाकण वर होईल, शालू जमिनीवर पडेल, आणि नकाशावरची फुली तर शाळेतल्या पोरालाही वाचता येते.

जमादार गेला. मास्तरांना बाहेरच्या बाकावर बसवलं. समोर कडुलिंब, त्याखाली एक शिपाई बुटाला तेल लावत बसलेला. मागच्या बाजूला कुणीतरी कोंडलेलं होतं आणि ते थांबून थांबून खोकत होतं. खोकला थांबला की मास्तर पुढच्या खोकल्याची वाट बघत. तिसऱ्या वर्षी एका कड्यावर ते असेच अडकले होते. मुरूम पायाखालून सरकला आणि ते चार हात घसरत जाऊन एका मुळीला धरून थांबले. खाली झाडांचे शेंडे. तेव्हाही ते घाबरले होते, पण ती भीती स्वच्छ होती. तिच्यात फक्त मुळी होती, बोटं होती, पुढचा श्वास होता. वर आल्यावर ते गवतात उताणे पडून हसत सुटले होते. ही भीती तशी नव्हती. ही चिकट होती, आणि हिच्यात माणसं होती. हेडमास्तर होते, गल्ली होती, आईचा तो मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा होता. लोक म्हणतील, देवीच्या नावानं थापा मारणारा माणूस. मग त्यांना वाटलं, लोकांचं काय घेऊन बसलो. हे पोलीस वाट दाखवायला आपल्यालाच पुढं घालतील. आणि आपण दाखवू. कुणी चापट मारायच्या आधीच दाखवू. नदीपलीकडं कोण पोरं असतील ती असतील. आपल्यात तेवढंच आहे. स्वतःबद्दलचं हे ज्ञान त्यांना त्या बाकावर झालं आणि त्यानं ते इतके हादरले की खोकला ऐकायचंही विसरले. पळावं का? फाटक उघडं होतं. डोंगरात ते दहा कोस चालत. फाटकापर्यंतची वीस पावलं त्यांना झेपली नसती.

उपाध्ये आले ते घाईनं, उपरणं सावरत, काखेत लाल गठ्ठा. मास्तरांकडं त्यांनी एकदाच पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. आत नेल्यावर मास्तर भिंतीला टेकून उभे राहिले. उपाध्यांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली. एक, दोन, चार, दहा. मास्तरांना पानांचा आवाज मोठा मोठा ऐकू यायला लागला. मग उपाध्ये थांबले आणि पूजेतल्या सुरात वाचू लागले: "रेणुकादास, राहणार नांदेड. नारळ, खण, पोहोचले." पान उलटलं. "रेणुकादास, राहणार नांदेड. नारळ, खण." पुन्हा पान. वर्षामागून वर्ष. आपण काहीतरी भलतंच ऐकतो आहोत असं मास्तरांना वाटलं. "किती साल?" अमीननं विचारलं. "अकरा होतील जी. यंदाची नोंद अजून व्हायची आहे." "आणि मन्नत? औलादची?" उपाध्ये अडखळले. "वाचा," अमीन म्हणाला. तेव्हा उपाध्यांनी वाचलं: "मागणं एकच. डोंगरावरून यजमान सुखरूप घरी यावेत." "आणि पुढच्या साली?" "तेच जी. दर साली तेच."

अमीननं सावकाश मान वर केली. "मास्टरसाब, तुम्ही तर मुलासाठी म्हणालात." जमादारही बघत होता. काहीतरी बोलायला हवं होतं, पण इतका वेळ आपोआप चालणारं तोंड आता चालेना. "मला माहीत नव्हतं," मास्तर म्हणाले. त्या सकाळपासून ते पहिल्यांदाच खरं बोलले होते. डोळ्यांतून पाणी आलं तेही त्यांना कळलं नाही. ते हनुवटीवरून सदऱ्यावर पडलं आणि कुणी हसलं नाही. अमीन बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत राहिला. काय दिसलं कोण जाणे. शेवटी त्यानं पांढऱ्या भुवया चोळल्या. "बायका घरी बसून घाबरतात आणि आपण डोंगर चढतो. जाइए. यंदा जाऊ नका तिकडं. पुढंही विचार करूनच जा." जमादार फाटकापर्यंत आला. "म्या म्हनलं न्हवतं? नाव निघालं की खटका मिटला," तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच आनंद झाला होता.

रस्त्यावर उपाध्ये जवळ आले. "वाचताना मी तीन शब्द गाळले हो," ते हळू म्हणाले. "हस्ते सौभाग्यवती तारामती. दर वर्षी तसंच लिहायला सांगतात त्या. मी घरी येतो, त्या ओटीचं सामान देतात, नोंद करून घेतात. यजमानांना सांगू नका म्हणाल्या, म्हणून कधी बोललो नाही." मास्तरांनी त्यांना नमस्कार केला की नाही हे त्यांना नंतर आठवलं नाही.

घरी आले ते थेट ट्रंकेपाशी. शालू बाजूला केला. वही नव्हती. "कणगीत आहे," तारामती मागून म्हणाली. "ज्वारीच्या तळाशी. शाळेतला शिपाई सांगून गेला तुम्हाला नेलं म्हणून." ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. हात कोपरापर्यंत ज्वारीच्या धुळीनं भरलेले. मास्तर जमिनीवर बसले. "कधीपासून ठाऊक होतं तुला?" "पहिल्याच वर्षी," ती म्हणाली. "देवीहून आलेल्या माणसाच्या कपाळाला हळद असते. तुमच्या धोतराला नुसती कुसळं होती. रात्रभर वेचत बसले होते मी. आईंना दिसू नयेत म्हणून." "बोलली नाहीस." "काय बोलू? इतकं हसरं तोंड घेऊन आला होतात." तिनं मास्तरांच्या बोटांकडं पाहिलं. "तिसऱ्या का चौथ्या वर्षी तुमच्या बोटांची सालं गेलेली होती. दारात पडलो म्हणालात. चार दिवस मी इथं नुसती कडीचा आवाज ऐकत असते हो. भाकरी थापताना, पाणी भरताना. अकरा वर्षं."

मास्तरांना मुलाचं विचारायचं होतं. गल्ली जे समजत होती, हेडमास्तर ज्याच्यासाठी मान खाली घालून सही करत होते, ते ती मागत होती की नाही, हे विचारायला धीर होत नव्हता. कचेरीतली भीती याच्यापुढं काहीच नव्हती. "आणि बाकीचं?" ते कसंबसं म्हणाले. "बाकीचं कधी मागितलं नाहीस?" तारामतीला कळलं. ती हातांवरची धूळ पदराला पुसू लागली, एकेक बोट, सावकाश. "एका वेळी एकच मागायचं असतं देवीपाशी," ती म्हणाली. "मागायला बसले की दर वर्षी मनात यायचं, यंदा ते मागू. मग तुम्ही पिशवी घेऊन निघायचात."

बाहेर सिंधु कुणाला तरी हाका मारत होती. तारामतीनं बाहेर डोकावून पाहिलं आणि दार लोटून घेतलं. मग मास्तरांच्या समोर येऊन बसली, इतकी जवळ की तिच्या श्वासाची धाप त्यांना ऐकू आली. एवढा वेळ तीही भ्यालेली होती हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

"उपाध्ये उद्या यायचेत," ती म्हणाली. "यंदाचं अजून सांगितलं नाही. तुम्हीच सांगा आता. काय मागू?"